औषधाचा गाजावाजा आणि औषधाची कसोटी



औषधदानास आपण श्रेष्ठ दान मानतो. म्हणून एक गोष्ट विचारार्थ मांडतो. २०२० साली कोरोनातून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातील प्लाझ्मा रामबाण उपाय म्हणून गाजला. महाराष्ट्र शासनाने २९ जून रोजी त्यासाठी ‘प्लॅटिना’ प्रकल्प आरंभिला. दात्यांच्या शोधात नातेवाईक वणवण फिरले.

अमेरिकेत ऑगस्टपर्यंत ७०,००० हून अधिक रुग्णांना प्लाझ्मा दिला गेला. परंतु तुलनेसाठी दुसरा गटच नसल्याने गुण येतो की नाही, हे ठरले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांचे सोडत पद्धतीने दोन गट केले. आजार बळावणे वा मृत्यू यांचे प्रमाण प्लाझ्मा घेतलेल्यांत १९ टक्के, न घेतलेल्यांत १८ टक्के आढळले. ऑक्टोबरमध्ये हे प्रसिद्ध झाले, तरी मागणी ओसरली नाही. १७ मे २०२१ रोजी हा उपचार शासकीय मार्गदर्शक सूचनांतून वगळण्यात आला.

गाजावाजा झाला की तुलनेच्या गटात राहण्यास सहसा कोणी राजी होत नाही आणि विज्ञानाचा प्रश्न अनुत्तरित राहतो. यास्तव दान देण्यापूर्वी ‘या औषधाची कसोटी झाली आहे काय?’ असे अवश्य विचारावे. तीही रुग्णसेवाच होय.