फॉरमॅट मारायच्या आधी

आजचा भाग जरा घरगुती आहे. म्हणजे अक्षरशः घरातला, आमच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरचा. आणि यात माझी स्वतःची एक चूक आहे, ती आधीच सांगून टाकतो.

२०१३ ला माझी दहावी झाली तेव्हा बाबांनी हा पीसी असेंबल करून घेतला होता. आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. मी पुण्याला बीटेकला गेलो आणि तो बाबांचा झाला. बाबा आमच्या गावच्या वाचनालयाचे खजिनदार आहेत, बिनपगारी अर्थात. सभासदांची वर्गणी, अनामत, पुस्तकांची दाखल नोंदवही, अकरा वर्षांचं सगळं एक्सेलमध्ये, त्या एकाच मशीनवर.

एप्रिलमध्ये बाबांचा फोन आला. "अरे, चालता चालता बंद पडतोय रे हा." मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, "बाबा, कोणाला तरी बोलवून फॉरमॅट मारून घ्या." झालं, विषय संपला माझ्यासाठी. दोन दिवसांनी आईचा फोन. "फॉरमॅट करणारा मुलगा उद्या येतोय. ऑडिट तोंडावर आलंय आणि यांना रात्री झोप नाही. तू एकदा येऊन बघून जा." मी बाबांना विचारलं, बॅकअप आहे ना? तर म्हणाले, "आहे की. डी ड्राइव्हमध्ये ठेवलाय." आता डी ड्राइव्ह म्हणजे त्याच हार्ड डिस्कचा दुसरा कप्पा. डिस्क गेली की दोन्ही गेले. मी त्या रात्रीची एसटी पकडली.

म्हणून पहिली गोष्ट. मशीन क्रॅश होत असेल तर आधी दुरुस्ती नाही, आधी फाइल्स. तीसुद्धा त्या मशीनवरून कॉपी करत बसू नका, कारण कॉपी अर्धवट असतानाच ते पडणार. मी हार्ड डिस्क काढली, साटा-टू-यूएसबी केबलने माझ्या लॅपटॉपला लावली आणि कॉपी मारली. अकरा वर्षांचं वाचनालय, एकूण दीड जीबीसुद्धा भरलं नाही. बाबा मागे उभे राहून तो हिरवा पट्टा पूर्ण होईपर्यंत बघत होते. मग म्हणाले, "आता काय करायचं ते कर."

आता 'बंद पडतो' म्हणजे नेमकं काय होतं? हे विचारायला हवं होतं मी फोनवर, आणि तिथेच चुकलो. निळी स्क्रीन येऊन रीस्टार्ट होणं वेगळं. माउस जागच्या जागी गोठणं वेगळं. आणि लाइट गेल्यासारखं फटकन काळं होणं अजून वेगळं. निळी स्क्रीन बहुतेकदा ड्रायव्हर, रॅम किंवा डिस्ककडे बोट दाखवते. फटकन बंद होणं हे उष्णता किंवा पॉवर सप्लायकडे.

बाबांना विचारलं तर ते उठले आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं. दुधाचा हिशोब, सिलिंडर कधी लावला, सगळं त्यात असतं ना आपल्याकडे. तशीच ही नोंद. "पीसी निळा, ११.१०." "पीसी निळा, ७.४०." आणि काही ठिकाणी नुसतंच "पीसी गेला, ३.१५." यार, मी ऑफिसमध्ये ज्युनिअर्सना लॉग लिहायला शिकवतो! पहिली 'निळा' नोंद मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. त्याच्या आदल्या दिवशी काय लिहिलंय? "अँटिव्हायरस नवीन टाकला."

मग मी मशीनची स्वतःची डायरी उघडली. विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर नावाची गोष्ट असते. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येतं. तारखांचा तक्ता दिसतो, कोणत्या दिवशी काय पडलं आणि काय इन्स्टॉल झालं. कालनिर्णयाशी ताडून बघितलं, तंतोतंत जुळलं. इव्हेंट व्ह्यूअरही बघितला. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शट डाउन न होता बंद झालं. का, ते तो सांगत नाही.

निळ्या स्क्रीनचा आईने मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. त्यात खाली एका फाइलचं नाव होतं, शेवटी डॉट एसवायएस. नाव सर्च केलं तर ती निघाली जुन्या अँटिव्हायरसची. जुन्या! म्हटलं, "बाबा, जुना काढला नव्हता?" तर म्हणाले, "अरे, त्याचं लायसन्स संपलं ना मागच्या वर्षी. संपला म्हणजे गेलाच की तो."

नाही जात हो. लायसन्स संपलं की अपडेट थांबतात, पण त्याचा ड्रायव्हर विंडोजसोबत रोज उठतो. अँटिव्हायरस काम कसं करतो? तुम्ही फाइल उघडली की ती मागणी डिस्कपर्यंत पोचायच्या आधी मध्ये उभा राहून तपासतो. दोन असले की एकाच दरवाजात दोन वॉचमन. प्रत्येक फाइल दोघांकडून जाणार, आणि दोघं विंडोजच्या अगदी आतल्या थरात बसलेले. तिथे एक जण अडखळला तर नुसता प्रोग्रॅम पडत नाही, अख्खी विंडोज पडते. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एफएलटीएमसी' टाइप केलं की दरवाजात कोण कोण उभं आहे त्याची यादी येते. आमच्याकडे दोन्ही हजर.

जुना साध्या पद्धतीने अनइन्स्टॉल होईना. सेफ मोडमध्ये गेलो, शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट. तिथेही नाही, कारण सेफ मोडमध्ये विंडोजची इन्स्टॉलर सर्व्हिस सहसा चालू नसते. अशा वेळी अँटिव्हायरस कंपन्या स्वतःचं एक रिमूव्हल टूल देतात, ते वापरायचं. त्याने गेला.

समजा तुमच्याकडे असा फोटो नाही, धागा नाही. मग क्लीन बूट. एमएसकॉन्फिग उघडा, सर्व्हिसेसमध्ये जाऊन आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर टिक करा (हे विसरू नका), मग बाकीच्या बंद करा आणि रीस्टार्ट. क्रॅश थांबला तर निम्म्या चालू करा. परत आला तर चोर त्या निम्म्यात. २० सर्व्हिसेस असल्या तरी जास्तीत जास्त पाच फेऱ्यांत सापडतो.

रविवारी मी विजयी मुद्रेने पुण्याला परत. गुरुवारी दुपारी बाबांचा मेसेज: "पीसी गेला, ३.०५."

मी कपाळाला हात लावला. कालनिर्णयाचा फोटो मागवला आणि नीट वाचला. 'निळा' सकाळी, संध्याकाळी, कधीही. पण 'गेला' सगळे दुपारी दोन ते चारमधले. एप्रिल महिना, गावातली दुपार. दोन आजार होते, आणि पहिला सापडल्यावर मी दुसऱ्याकडे बघितलंच नव्हतं. बाबांनी दोन वेगळे शब्द लिहिले होते, मी ते एकच समजून वाचले.

पुढच्या शनिवारी गेलो. सीपीयूचा डबा टेबलाच्या बंद कप्प्यात, वरून आईने विणलेलं क्रोशाचं कव्हर, थेट मागच्या पंख्यापर्यंत आलेलं. दुपारी चांगला तासभर चालवून रीस्टार्ट केलं आणि बायोसमध्ये तापमान बघितलं: ८६ अंश. वायर काढून डबा उघडला तर प्रोसेसरच्या हीटसिंकवर धुळीची गोधडी. कोरड्या ब्रशने साफ केलं. पंखा बोटाने धरून ठेवायचा, गरगर फिरू द्यायचा नाही. वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावली, डबा कप्प्याबाहेर ठेवला. पुन्हा तेवढाच वेळ चालवला: ५५. कव्हरवरून आई थोडी नाराज झाली. आता ते मॉनिटरवर असतं, मशीन बंद असताना फक्त.

ऑडिट झालं. पण या मशीनवर विंडोज १० आहे आणि त्याचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. म्हणून आम्ही त्याची नेटची वायर काढून टाकलीय. बँकेची कामं बाबा मोबाइलवर करतात, पीसीवर फक्त वाचनालय. आणि दर शनिवारी फाइल्स पेन ड्राइव्हवर. मी विचारावं लागत नाही, ते कालनिर्णयावर लिहितात: "दूध १ लि. कॉपी झाली."

चला, पुढच्या भागात भेटू. तुमच्या घरातला पीसी निळा होतोय की 'जातोय', ते मला नक्की कळवा. वेळेसकट.