कुष्ठरोग्याला केलेला स्पर्श



ख्रिस्ती धर्मग्रंथातील दयेविषयी मी आज बोलणार आहे. आपण बौद्ध आहोत. ईश्वरी कृपेवर आपली भिस्त नाही. तथापि दुसऱ्याच्या ग्रंथाने मनुष्याच्या दुःखाची दखल कशी घेतली, हे न पाहताच त्यावर मत देणे बुद्धिवादी माणसास शोभत नाही.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो. अशा रोग्याची स्थिती काय होती? लेवीय या ग्रंथाच्या १३ व्या अध्यायातील नियम असा की, त्याने फाटकी वस्त्रे घालावीत, आपण अशुद्ध असल्याचे ओरडून सांगावे आणि वस्तीबाहेर एकटे राहावे. गावकुसाबाहेर पिढ्या काढलेल्या श्रोत्यांस हे निराळे समजावून सांगावयास नको.

येशूला कळवळा येतो, तो हात पुढे करतो आणि त्यास शिवतो. हा क्रम ध्यानात घ्या. रोग नंतर बरा होतो. स्पर्श आधी घडतो. कळवळ्यासाठी योजलेला ग्रीक शब्द आतड्यांशी निगडित आहे. आपला 'आतडे तुटणे' हा वाक्प्रचार त्याच्या फार जवळचा. आणि नवल असे की, एका प्राचीन हस्तलिखितात येथे कळवळ्याऐवजी क्रोध आहे. मूळ पाठ कोणता, यावर पंडितांचे एकमत नाही. मला तरी तो क्रोध परका वाटत नाही. माणसाला वस्तीबाहेर घालणारा नियम पाहून ज्याला राग येत नाही, त्याची दया कसली?

पुढे येशू त्या माणसास याजकाकडे पाठवितो. कारण याजकाने शुद्ध ठरविल्यावाचून समाजात पुनःप्रवेश नव्हता. गेलेले स्थान परत मिळावे, इथवर ही दया जाते. मात्र निर्णयाची किल्ली याजकाच्याच हाती राहते, आणि तो रोगीही हक्क मागत नाही. आपली इच्छा असेल तर, अशी विनवणी करतो. येथे माझे मन अडते.

उलट लेवीयाच्याच १९ व्या अध्यायात आज्ञा आहे की, शेताच्या कडेचे पीक कापू नये, पडलेला सरवा वेचू नये. तो गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवावा. अनुवाद या ग्रंथाचा २४ वा अध्याय मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावयास लावतो. ज्या ग्रंथाने कुष्ठरोग्यास बाहेर घातले, त्याच ग्रंथाने सरवा वेचणाऱ्याचा वाटा शेतमालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही.