माग, मजुरी आणि माणूस
(महोत्सवाच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आजच्या मंगल दिनी देवाचे उपकार स्मरताना आम्हांस या नगरीतील कष्टकऱ्यांचेही स्मरण होते. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी या गिरण्या आल्या. त्यांच्या भोंग्यावर घरोघरचा दिवस सुरू होई. ते भोंगे आता मुके झाले आहेत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या हातमागांची जागाही बहुतांशी यंत्रमागांनी घेतली.

या पालटाचे मर्म एका कांडीत दिसते. धोट्याच्या मागास सुताची भरलेली कांडी लागते, आणि ती भरण्याचे काम पुष्कळदा स्त्रिया करीत. बिनधोट्याचा नवा माग बाण्याचे सूत थेट कोनावरून ओढतो. त्यास कांडीच नको. कापड अधिक निघते, परंतु कांडी भरणारीचे काम कायमचे जाते. मग ती विड्या वळू पाहते. आणि एकाच कामासाठी पुष्कळ हात पुढे आले म्हणजे मजुरी उतरते.

म्हणून यंत्र पापी ठरते काय? मुळीच नाही. फ्रान्स देशी १८०४ च्या सुमारास निघालेल्या जेकार्डास तेथील विणकरांनी प्रथम विरोध केला. त्याच जेकार्डाने आमच्या सोलापुरी चादरीवर फुले उमटविली. प्रश्न यंत्राचा नसून वाढलेल्या फळाच्या वाटणीचा आहे. परमगुरू तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरूम नोवारूम’ या परिपत्रकात हेच शिकविले की, मजुराने नाइलाजाने मान्य केली एवढ्यानेच मजुरी न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्याचा निर्वाह तीत झाला पाहिजे. द्राक्षमळ्याच्या धन्यानेही, कोणी कामास न लावल्यामुळे सायंकाळपर्यंत उभे राहिलेल्यांस पुऱ्या दिवसाचे वेतन दिले.

येथे आम्ही आपला दोष कबूल करतो. काम गेलेले कारागीर आमच्या दारी आले तेव्हा आम्ही त्यांस सबुरी सांगितली. मजुरीचा हिशेब विचारला नाही. यास्तव या महोत्सवाची खूण केवळ दगडी फलक न राहो. तुम्हांपैकी जे मालक आहेत, त्यांनी नवा माग आणण्यापूर्वी तो जुन्या कामगारास शिकवावा. जे शिकलेले आहेत, त्यांनी आठवड्याची एक संध्याकाळ या कामगारांस व त्यांच्या मुलांस द्यावी.

नाझरेथच्या सुताराघरी वाढलेला प्रभू हातांचे मोल जाणतो. तो आम्हां सर्वांस न्यायबुद्धी देवो. आमेन.