चांगला ड्रम कुठला?



गेल्या वर्षी मी पुतण्याकडे अमेरिकेत, टेक्ससला गेलो होतो. मी सैन्यात ईएमईमध्ये आर्मरर होतो. आर्मरर म्हणजे बंदुकांची देखभाल-दुरुस्ती करणारा कारागीर. पुतण्याने ही गोष्ट कौतुकाने शेजाऱ्याला सांगितली आणि एका रविवारी तो शेजारी आम्हाला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला. डिकीतून तीन गोल डबे काढून त्याने टेबलावर मांडले. पुतण्या म्हणाला, ‘काका, तो विचारतोय, यातला चांगला कुठला?’

ते डबे म्हणजे ड्रम मॅगझिन. मॅगझिन हे बंदुकीचे गोळ्यांचे कोठार. नेहमीचे मॅगझिन चपट्या पेटीसारखे असते. आत एक स्प्रिंग, तिच्यावर एक पट्टी आणि पट्टीवर वीस-तीस गोळ्या. एक उडाली की स्प्रिंग दुसरी वर ढकलते. ड्रममध्ये गोळ्या जिलबीच्या वेढ्यासारख्या गोल मांडतात आणि चावीच्या घड्याळात असते तशी गुंडाळलेली स्प्रिंग त्यांना पुढे सरकवते. मग 60, 75, अगदी 100 गोळ्याही बसतात. शेजाऱ्याच्या रायफली सेमी-ऑटोमॅटिक होत्या, म्हणजे घोडा एकदा दाबला की एकच गोळी. पण पुढची गोळी आपोआप नळीत येऊन तयार.

मी भरती झालो 1971 साली. आमच्या उस्तादांचे एक वाक्य होते, ‘बंदूक अडली तर बंदुकीला शिव्या देऊ नकोस, आधी मॅगझिन बघ.’ पुढे नोकरीभर त्याचा प्रत्यय आला. ओठ जरा वाकला, स्प्रिंग थकली, चिमूटभर वाळू गेली की रायफल नुसती काठी होते. जुन्या .303 ब्रेनगनचे मॅगझिन 30 गोळ्यांचे, पण जवान त्यात 28 भरत. जागा आहे म्हणून ठासून भरायचे नसते, हा त्यातला धडा.

तर मी चष्मा लावला आणि तिन्ही ड्रम तपासले. पहिला चिनी पद्धतीचा, एके-47 घराण्यातल्या रायफलीचा, पोलादी पत्र्याचा, 75 गोळ्यांचा. याची पाठ जेवणाच्या डब्यासारखी उघडते. गोळ्या मांडायच्या, झाकण लावायचे आणि चावी द्यायची. चूक झाली तर डोळ्यांना दिसते आणि स्प्रिंग सैल ठेवूनही डबा भरून ठेवता येतो. रशियन पद्धतीचा ड्रम असा उघडत नाही. त्यात एकेक गोळी वरून स्प्रिंगच्या विरुद्ध रेटावी लागते. दुसरा ड्रम एआर-15 जातीच्या रायफलीचा. दोन बाजूंना दोन डबे, मध्ये गळा, एकूण 100 गोळ्या. गळ्यातल्या शेवटच्या गोळ्या वर ढकलायला आत खोट्या गोळ्यांची माळ असते. कल्पना फार हुशारीची. पण जितके भाग जास्त तितक्या अडण्याच्या जागा जास्त. तिसरा त्याच जातीचा, अलीकडचा, प्लॅस्टिकचा, 60 गोळ्यांचा. एकच डबा आणि भरताना स्प्रिंगचा जोर कमी करणारी दांडी. गोळ्या कमी घेऊन साधेपणा मिळवलेला.

त्या दिवशी तिघांपैकी एक अडला. कुठला ते सांगत नाही. एका सकाळच्या अनुभवावर निकाल देणे आमच्या धंद्यात बसत नाही.

ड्रमची परीक्षा खरे तर इतिहासाने आधीच घेतलेली आहे. इंग्रजी चित्रपटांतल्या गुंडांच्या हातात गोल डब्याची बंदूक तुम्ही पाहिली असेल. ती टॉमी गन, म्हणजे अमेरिकेची 1921 सालची थॉम्पसन. तिचे ड्रम 50 आणि 100 गोळ्यांचे. दुसऱ्या महायुद्धात ती ब्रिटिश सैनिकांकडे गेली तेव्हा तक्रारी सुरू झाल्या. भरलेला 50चा ड्रम दोन किलोंच्या वर जाई आणि चालताना आत गोळ्या खुळखुळत. रात्री दबा धरून बसलेल्या माणसाला खुळखुळा घेऊन कसे चालेल? कमांडोंनी साधी पेटी पसंत केली. 1942 साली थॉम्पसनचा सुटसुटीत नमुना निघाला, त्याला ड्रम लागतच नसे.

रशियातही तेच झाले. 1939-40च्या युद्धात फिनलंडच्या सैनिकांची सुओमी बंदूक आणि तिचा 70 गोळ्यांचा ड्रम पाहून रशियनांनी तसाच ड्रम उचलला. त्यांच्या प्रसिद्ध पीपीएसएच-41 बंदुकीला 71 गोळ्यांचा ड्रम आला. पण सुरुवातीला ड्रम ज्या त्या बंदुकीला हाताने जुळवून घ्यावा लागे. एकाचा दुसऱ्याला नीट बसेलच असे नाही. युद्ध चालू असतानाच 35 गोळ्यांची वाकडी पेटी आली आणि नंतरच्या पीपीएस-43ला तर फक्त पेटीच ठेवली. आजही जगभरच्या पायदळाच्या हातात बहुधा 30 गोळ्यांची पेटीच दिसते. भरलेली पेटी साधारण अर्धा किलो, 100चा जोड-ड्रम दोन किलोंच्या आसपास.

हे सगळे मी शेजाऱ्याला सांगितले. तो हसून म्हणाला, ‘मला कुठे लढाईला जायचंय? मजा म्हणून ठेवलेत.’ माणूस सज्जन होता, शंका नाही. पण परतताना गाडीत माझे मन वेगळ्याच हिशेबात गुंतले.

8 जानेवारी 2011 रोजी अमेरिकेतल्या टूसॉन शहरात एका माणसाने 33 गोळ्यांचे मॅगझिन लावलेल्या पिस्तुलाने सहा जणांना मारले. ते रिकामे झाल्यावर दुसरे लावू लागला, तेवढ्यात लोकांनी त्याला पकडून आडवे केले. मॅगझिन बदलायला लागणारी ती काही सेकंदे निःशस्त्र माणसांना मिळालेली एकमेव संधी होती. ड्रम नेमकी तीच सेकंदे काढून घेतो. 4 ऑगस्ट 2019 रोजी डेटन शहरात 100 गोळ्यांचा ड्रम लावलेल्या माणसाने नऊ जणांचा जीव घेतला. पोलीस जवळच होते. त्यांनी त्याला 32 सेकंदांत टिपले, तरीही नऊ जण गेले.

आणि 20 जुलै 2012ची ऑरोरा शहरातली रात्र. चित्रपटगृहात मध्यरात्रीचा खेळ चालू होता. हल्लेखोराच्या रायफलीला 100 गोळ्यांचा ड्रम होता. बारा जण गेले, कितीतरी जखमी झाले. पण तो ड्रम मध्येच अडला. पुढच्या वर्षी कोलोरॅडो राज्याने 15पेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनांच्या विक्रीवर बंदी घातली. देशभर मात्र असा कायदा नाही. 1994 साली दहा गोळ्यांची मर्यादा आली होती, ती 2004 साली मुदत संपून गेली.

श्रोतेहो, आयुष्यभर मी अडलेल्या बंदुका चालत्या केल्या. सैन्याच्या भाषेत अडण्याला स्टॉपेज म्हणतात आणि स्टॉपेज आमचा शत्रू. सीमेवरच्या जवानाचा जीव त्यावर असतो, म्हणून मॅगझिन कधीच अडू नये हीच माझी चांगलेपणाची व्याख्या होती. ऑरोराच्या त्या काळोखात मात्र खुर्च्यांखाली दडलेली मुले-माणसे होती आणि एक ड्रम अडला म्हणून त्यांतले काही जण घरी पोचले असतील. त्या एका स्टॉपेजपुढे हा म्हातारा कारागीर हात जोडतो.

घर आल्यावर पुतण्याने पुन्हा विचारले, ‘काका, मग त्याला काय सांगू? चांगला कुठला?’

मी म्हटले, ‘त्याला म्हणावं, वस्तू कशी आहे ते मी सांगू शकतो. ती कुणाच्या हातात चांगली, ते नाही सांगता येत.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)