नव्या संकेतस्थळाचे पहिले सहा महिने
(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय थोडा रुक्ष आहे. इंटरनेटवर नवे संकेतस्थळ काढल्यावर शोधयंत्रात ते वर कसे सरकते, याबद्दल आम्ही बोलणार आहोत. आम्ही या शास्त्रातले पंडित नाही. हात पोळले तेवढेच सांगतो.

आपल्या वस्तीतील काकांना आपण सर्वजण ओळखता. चाळीस वर्षे त्यांनी शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. आता हात कापतात, दुकान बंद झाले. त्यांना ठाऊक असलेले कागदावर कुठेच नाही. म्हणून आम्ही चौघांनी वर्गणी काढली आणि गेल्या डिसेंबरात मराठीतून एक छोटे संकेतस्थळ सुरू केले. त्यात फक्त शिलाई मशीनची दुरुस्ती, दुसरे काहीही नाही. काका सांगत, आम्ही लिहून घेत असू.

पहिले तीन आठवडे गुगलवर आमचे नावसुद्धा दिसेना. एकजण म्हणाला, मराठीला कोण विचारतो! खरे कारण लाजिरवाणे होते. स्थळ तयार होत असताना शोधयंत्रांनी आत येऊ नये म्हणून एका चौकटीत खूण केली होती, ती काढायची राहून गेली. दाराला आतून कडी लावून पाहुण्यांची वाट पाहत बसलो होतो! शोधयंत्राचा स्वयंचलित वाचक आधी पान वाचतो, मग आपल्या सूचीत नोंदतो, आणि त्यानंतरच क्रमांकाचा प्रश्न येतो. खूण काढली, सर्व पानांची यादी सादर केली, तेव्हा पाने हळूहळू नोंदली जाऊ लागली.

दुसरी चूक भाषेची. पहिल्या पानाला आम्ही मोठ्या थाटात 'शिवणयंत्राची निगा व दुरुस्ती' असे नाव दिले होते. वाचून काका हसले. म्हणाले, "अरे, चाळीस वर्षांत एक बाई माझ्याकडे येऊन शिवणयंत्र म्हणाली नाही. मशीनचा दोरा तुटतो, खालून गुंता होतो, असं म्हणतात." बंधू-भगिनींनो, शोधयंत्राचे अर्धे शास्त्र या वाक्यात आहे असे आमचे मत झाले. आम्ही पानांची नावे बदलली. 'शिलाई मशीनचा दोरा सारखा का तुटतो?', 'टाका खालून गुंततो तेव्हा काय करावे?' असे एका पानावर एकच प्रश्न व त्याचे पुरते उत्तर. गुंता खाली दिसतो, पण दोष बहुधा वर असतो. कापड दाबणारा पाय खाली ठेवून दोरा ओवला, तर तो ताण देणाऱ्या चकत्यांत नीट बसत नाही. आधी पाय वर उचलावा, मग ओवावे. हे आम्हालाही ठाऊक नव्हते.

काकांची जुनी टिपणे कुणीतरी पूर्वी संगणकावर टाईप केली होती, पण जुन्या फाँटमध्ये. कागदावर छापले की सुबक मराठी, यंत्राच्या लेखी मात्र अर्थहीन अक्षरे. ती सारी युनिकोडमध्ये पुन्हा टंकावी लागली. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, तरीही आपल्याकडची पुष्कळ पत्रके व अहवाल आजही जुन्या फाँटमध्ये किंवा नुसत्या छायाचित्राच्या रूपात पडून आहेत. शोधणाऱ्याला ती सापडणार कशी?

आता सरासरी क्रमांकाची गंमत. सर्च कन्सोल नावाचे गुगलचे मोफत साधन आहे. आपले पान किती वेळा निकालांत दिसले, कितीजणांनी उघडले आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होते, हे त्यात कळते. दुसऱ्या महिन्यात आमचा सरासरी क्रमांक फार वर होता. पेढे वाटायचेच काय ते राहिले. तिसऱ्या महिन्यात तो एकदम घसरला आणि आमच्यात भांडण जुंपले. एका सभासदाने वर्गणी थांबवली. शांतपणे पाहिले तेव्हा उलगडा झाला. आधी आम्ही फक्त स्वतःच्या स्थळाच्या नावाला दिसत होतो, आणि ते नाव शोधणारे बहुतेक आम्हीच! आता दोरा, सुई, बॉबिन अशा नव्या प्रश्नांना दिसू लागलो होतो, पण साठाव्या-सत्तराव्या क्रमांकावर. समजा एका शोधात पहिला क्रमांक आहे आणि नव्या तीन शोधांत साठावा आला. प्रत्येकात एकदाच दिसलो, तर सरासरी पंचेचाळीसच्या पुढे जाते. आकडा बिघडला, पण पाऊल पुढे पडले होते. विद्यार्थी मित्रांनो, सरासरी पाहताना ती कशाची आहे हे आधी विचारा. आणि स्वतःच्या मोबाईलवर स्वतःचेच स्थळ शोधून खूश होऊ नका. आपण कुठे आहोत, पूर्वी काय पाहिले, यावरूनही निकाल बदलतात.

त्याच सुमारास एक गृहस्थ भेटले. पैसे द्या, शेकडो ठिकाणांहून तुमच्या स्थळाकडे दुवे जोडून देतो, महिन्यात पहिल्या पानावर याल, असे म्हणाले. मोह झाला, खोटे कशाला बोलावे? स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी जी पद्धत बसवली व जिच्यावर १९९८ साली गुगल उभे राहिले, तिचे सूत्र असे होते की दुसऱ्याने दिलेला दुवा म्हणजे एक प्रकारचे मत. वजनदार पानाच्या मताला अधिक वजन. मग मते विकत घेण्याचा धंदा सुरू झाला. २०१२ साली गुगलने पेंग्विन नावाचा बदल करून अशी पुष्कळ स्थळे खाली ढकलली. मतविक्री काय असते हे आपल्याला निवडणुकांमुळे वेगळे सांगायला नको. आम्ही त्या गृहस्थांना चहा पाजून निरोप दिला. गुगलतर्फेच २०१७ साली सांगण्यात आले होते की सुधारणांचे फळ दिसायला बहुधा चार महिने ते एक वर्ष लागते. तेव्हा घाई कसली?

सहाव्या महिन्यात गुंत्याचे पान निकालांच्या दुसऱ्या पानापर्यंत आले. पहिल्यावर अजून नाही. पण मेअखेर एका ताईंचा फोन आला, दूरच्या जिल्ह्यातून. शाळेचे गणवेश शिवायला घेतले होते, मशीन गुंता करीत होती, आणि ती तालुक्याला न्यायची म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणार. मुलीने मोबाईलवर आमचे पान शोधून वाचून दाखवले. पाय उचलून दोरा ओवला, मशीन चालू झाली. "ते काका आहेत का? त्यांना सांगा," म्हणाल्या. आम्ही फोन काकांच्या हाती दिला. ते बराच वेळ बोलत होते, बहुतेक तेलाबद्दल.

तेलाचे पान अजून लिहायचे आहे. वर्गणी थांबवलेले सभासद मागच्या महिन्यापासून पुन्हा येऊ लागले आहेत, पण युनिकोडमध्ये टंकणारे हात कमी पडतात. रविवारी संध्याकाळी पाचनंतर काका आणि संगणक दोघेही मंडळाच्या खोलीत असतात.