न पाहिलेल्या विक्रेत्यावर विश्वास

आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्यांचे ढीग लागतात. व्यापारी फळ हातात घेतो, साल दाबून पाहतो आणि मगच बोली लावतो. शिवाय अडत्या बाजार समितीचा परवानाधारक. तो उद्याही तिथंच भेटणार असतो.

ऑनलाइन खरेदीत ना फळ हाती लागतं, ना माणूस दिसतो. ही उणीव भरून काढायला ईबे या ऑनलाइन बाजारपेठेनं १९९६ मध्ये खरेदीदार आणि विक्रेत्यांनी एकमेकांना शेरे देण्याची सोय केली. पण आपण वाईट शेरा दिला तर विक्रेताही उलट तसाच देईल, या भीतीनं खरेदीदार गप्प बसू लागले. अखेर २००८ मध्ये विक्रेत्यांचा वाईट शेरा देण्याचा अधिकारच काढून घेतला गेला. योग्यच झालं, आधी पैसे मोजणाऱ्याचीच जोखीम मोठी असते.

आता खरी कीड आहे ती विकतच्या शेऱ्यांची. भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं. विकत घेतलेले शेरे त्यात वर्ज्य आहेत, लिहिणाऱ्याची पडताळणीही सांगितली आहे. मात्र आणताना ते ऐच्छिक ठेवलं, हे मला खटकतं.

म्हणून नुसते तारे मोजू नका. दोन-तीन तारे देणाऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचा. एकाच आठवड्यात एकाच धाटणीचे ढीगभर शेरे दिसले, तर सावध व्हा. विक्रेता ‘ॲपबाहेर पैसे पाठवा’ म्हणाला, तर साफ नकार द्या. फसगत झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे १९१५. पैसे लुबाडले गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० फिरवा.