इंजिन उघडण्याआधी



कविता लिहिणाऱ्या माणसाने इंजिनाच्या दुरुस्तीवर बोलायला बसावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटते. माझा आणि पान्याचा संबंध आजवर सायकलची चेन चढवण्यापुरताच. पण गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आठ-दहा दिवस मी एका शेडमध्ये लाकडी स्टुलावर बसून एक इंजिन दुरुस्त होताना पाहिले. तिथे जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

शेड माझ्या भाच्याची. मुरूडच्या बाजूला, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्याकडे एक क्वाड बाइक आहे. चार फुगीर टायर, मोटारसायकलसारखे हँडल आणि अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल असलेली ही गाडी आपल्या किनाऱ्यांवर आता सर्वांच्या ओळखीची झाली आहे. तिचा वंश फार जुना नाही. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत अशी तीन चाकांची गाडी आणली. ती वळणावर सहज कलंडायची. पुढे चार चाकी गाड्या आल्या आणि १९८८ मध्ये अमेरिकेत तीनचाकींची विक्री थांबली. क्वाडमध्येही दोन जाती. एक शेतावर ओझे वाहणारी, दुसरी स्पोर्ट क्वाड. ही वजनाने हलकी, मोटारसायकलसारखी गिअर आणि चेनवर चालणारी, एकट्यानेच बसायची. भाच्याची ही दुसऱ्या जातीची, अडीचशे सीसीची, एका सिलिंडरची, हवेने थंड होणारी, कार्बोरेटरवाली. सेकंडहँड घेतलेली, आणि तीही कर्ज काढून.

जूनमध्ये ती ताडपत्रीखाली गेली. सप्टेंबर सरताना काढली, तर सुरू होईना. दिवाळीचे पर्यटक महिन्यावर आलेले. भाच्याने ती टेम्पोत घालून एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने सेल्फ तीनदा मारला, कान लावला आणि निकाल दिला, ‘ब्लॉक गेला. नवा ब्लॉक, नवा पिस्टन आणि कार्बोरेटरही नवाच घाला.’ खर्चाचा आकडा ऐकून पोरगा घरी आला तो न जेवताच झोपला. दुसऱ्या दिवशी माझ्या बहिणीने कपाटातून पाटल्या काढून ओढणीत बांधल्या आणि मला फोन केला.

मी गेलो तो पाटल्या थांबवायला. इंजिनातले मला काही कळत नव्हते. पण जेट्टीवर होड्यांची इंजिने दुरुस्त करणारे एक वयस्क मिस्त्री माझ्या ओळखीचे. त्यांना हात धरून आणले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि भाच्याला म्हणाले, ‘पोरा, ही कशाने मेली ते आधी विचारू. कफन मग शिवू.’

मिस्त्रींचे शास्त्र चार शब्दांचे. हवा, पेट्रोल, ठिणगी, दाब. पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात आत यायला हवी, पिस्टनने ती दाबायला हवी आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडायला हवी. चारांपैकी एक नसेल तर इंजिन नाही. म्हणून काहीही बदलण्याआधी चारही तपासायची. सोपे आणि फुकटचे आधी, अवघड आणि खर्चाचे शेवटी.

पहिल्या फेरीत पाना लागतच नाही. हँडलवरचा बंद करायचा स्विच चालू आहे का? चालवणारा पडला तर इंजिन थांबावे म्हणून मनगटाला बांधायची दोरी असते, तिची खुंटी जागेवर आहे का? गाडी न्यूट्रलमध्ये आहे का? पेट्रोलचा कॉक उघडा आहे का? तुम्ही हसाल, पण कित्येक गाड्या टेम्पोत बसून गॅरेजात जातात त्या यापैकीच एका कारणासाठी. मग बॅटरी. चांगली भरलेली बारा व्होल्टची बॅटरी साडेबाराच्या वर दाखवते. सेल्फ मारताना आकडा दहाच्या खाली कोसळला, तर बॅटरी दमलेली किंवा वायरींचे सांधे गंजलेले. आमच्या गाडीत अर्थिंगच्या वायरीवर खाऱ्या हवेने पांढरट-हिरवा थर धरला होता. तो खरवडून, वायर घट्ट आवळून वर व्हॅसलिन लावले. सेल्फ जोरात फिरू लागला. गाडी मात्र सुरू झाली नाही.

मग ठिणगी. स्पार्क प्लग काढला की तो इंजिनाच्या आतली हकिगत सांगतो. टोक बिस्किटाच्या रंगाचे, तर सारे ठीक. काजळीने काळे, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरेफटक, तर पेट्रोल कमी आणि उष्णता जास्त. तेलकट, तर इंजिनचे ऑइल वर येते आहे. पेट्रोलने ओलाचिंब, तर पेट्रोल येते पण पेटत नाही. आमचा प्लग थोडा तेलकट होता, पण पेट्रोलच्या बाबतीत कोरडा ठणठणीत. मिस्त्रींनी प्लगच्या भोकावर फडके ठेवले, प्लग कॅपमध्ये घालून भोकापासून दूर, इन्सुलेशनच्या पकडीने इंजिनाच्या धातूला टेकवला आणि सेल्फ मारायला सांगितला. निळी, टणक ठिणगी पडली. हे करताना आसपास पेट्रोलचा थेंबही उघडा नको, हे घरी करू पाहणाऱ्यांनी कायम लक्षात ठेवावे.

ठिणगी आहे, प्लग कोरडा आहे. म्हणजे पेट्रोल पोचत नाही. कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून आतले पेट्रोल काचेच्या पेल्यात काढले. त्याला जुन्या वार्निशचा वास होता आणि पेल्याच्या तळाशी पाण्याचा वेगळा थर. चार महिने उभ्या गाडीत पेट्रोलमधला हलका अंश उडून जातो आणि मागे चिकट राळ राहते. शिवाय आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉल हवेतली ओल शोषते आणि ओल फार झाली की पाण्यासकट तळाला बसते. कोकणातला पावसाळा आणि अर्धी रिकामी टाकी, मग दुसरे काय होणार?

टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरले. चोक ओढला आणि गाडी धडधडली! भाच्याने मला मिठी मारली. पण चोक आत ढकलताच गाडी बंद. पुन्हा चोक, पुन्हा सुरू; चोक काढला की बंद. मिस्त्री म्हणाले, ‘बोलली बघ. पायलट जेट बंद आहे म्हणते.’ मंद गतीला लागणारे पेट्रोल ज्या छिद्रातून येते, ते अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. कार्बोरेटर उतरवून जेट उजेडापुढे धरले, तर आरपार काही दिसेना. भाच्याने तार उचलली, तशी मिस्त्रींनी त्याच्या हातावर चापट मारली. पोलादी तारेने भोक मोठे होते आणि मग पेट्रोलचे माप कायमचे बिघडते. क्लीनरमध्ये भिजवून, कॉम्प्रेसरची हवा मारून जेट मोकळे केले. त्या छिद्रातून शेडच्या दारातला उजेड दिसला, तेव्हा मीही नकळत ‘वा!’ म्हणून गेलो. नवा कार्बोरेटर इथेच वाचला.

दुसऱ्या दिवशी नवे दुखणे. गाडी सुरू होई, चाले, पण गरम झाल्यावर बंद केली की पुन्हा लवकर सुरू होत नसे. मिस्त्री म्हणाले, ‘टॅपेट बघू.’ व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये थोडी फट ठेवावी लागते. अशा इंजिनात ती साधारण एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असते; नेमका आकडा त्या-त्या गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक आपटून-आपटून झिजतात, तशी ही फट कमी होत जाते. शेवटी व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही आणि दाब निसटतो. इंजिन पूर्ण थंड असताना, फ्लायव्हीलवरची खूण जुळवून, पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणून फिलर गेजने फट मोजायची. एका व्हॉल्व्हची फट जवळजवळ शून्य निघाली. ती बसवली आणि गाडी गरम असतानाही एका दमात सुरू झाली.

इथे ही गोष्ट संपली असती तर गॅरेजवाल्याला दोष देऊन आपण सारे सुखाने घरी गेलो असतो. पण गाडी निळसर धूर सोडत होती आणि ओल्या वाळूत जोर धरत नव्हती. तेलकट प्लगही मिस्त्री विसरले नव्हते. त्यांनी प्लगच्या जागी दाबाचा गेज लावला. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मारला. काटा असायला हवा त्याच्या बराच खाली थांबला. मग त्यांनी चमचाभर इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून आत सोडले आणि पुन्हा मोजले. काटा चांगलाच वर गेला. याचा अर्थ असा की दाब व्हॉल्व्हमधून निसटत नव्हता, पिस्टनच्या कडेने निसटत होता. ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. रिंगा आणि सिलिंडर झिजले होते. थोडक्यात, गॅरेजवाला अर्धा बरोबर होता.

मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सीट उचलली आणि एअर फिल्टरचा डबा उघडला. डबा रिकामा होता.

‘मामू,’ भाचा माझ्याकडे बघत म्हणाला, त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती म्हणून, ‘मे महिन्यात मीच काढला. फोम वाळूने चोंदायचा, पिकअप यायचा नाही. गिऱ्हाईक थांबत नाही, मामू.’

ज्या दिवशी त्याने फोम काढला, त्या दिवसापासून किनाऱ्यावरची बारीक वाळू हवेबरोबर थेट सिलिंडरमध्ये जात होती आणि पॉलिशपेपरसारखी आत घासत होती. पिकअप आला खरा, पण इंजिन झिजवून आला. आता विचार करा. त्या दिवशी पाटल्या मोडल्या असत्या, नवा ब्लॉक बसला असता आणि फिल्टरचा डबा तसाच रिकामा राहिला असता. पुढल्या पावसाळ्यापर्यंत तो नवा ब्लॉकही गेला असता. काय गेले, हे गॅरेजवाल्याने ओळखले होते. कशाने गेले, हे विचारले नव्हते. आणि ज्याला ठाऊक होते, त्या पोराने लाजेने सांगितले नव्हते. डॉक्टरपासून दुखणे लपवावे तसेच हे.

पुढचे काम सरळ होते. सिलिंडरमध्ये लोखंडी स्लीव्ह होती, म्हणून तो बोअर करता आला. काही नव्या गाड्यांत आत निकेलचा कडक मुलामा असतो, तिथे हा मार्ग नाही. लेथवाल्याने अर्धा मिलिमीटर बोअर मोठा केला, त्याच मापाचा ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा आल्या. जुने ऑइल वाळूसकट काढून टाकले. डब्यात नवा फोम बसला. पैसे लागले, पण सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. लेथवाल्याने ते दोन हप्त्यांत घ्यायचे कबूल केले. पाटल्या कपाटात परत गेल्या.

आता मिस्त्रींनी घालून दिलेला पाठ सांगतो. वाळूत चालणाऱ्या गाडीचा फोम रोज संध्याकाळी काढून बघायचा. तो केरोसीनमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुवायचा, पेट्रोलमध्ये नाही. वाळवून फिल्टर ऑइल लावायचे, पिळायचे आणि कडेला ग्रीस लावून बसवायचा. गोड्या पाण्याने गाडी धुवायची, पण इंजिन गार झाल्यावर. ऑइल दुधासारखे दिसले तर आत पाणी शिरले, सेल्फला हात लावायचा नाही. पावसाळ्याआधी टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करायची. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचे नाही. त्या धुरात जीव घेणारा वायू असतो. आणि इंजिन कितीही चांगले झाले तरी मोठ्या क्वाडवर सोळा वर्षांखालच्या मुलाला बसवायचे नाही. उत्पादक स्वतः तसे बजावतात. स्पोर्ट क्वाडवर मागे दुसरा माणूस नाही, आणि डोक्यावर हेल्मेट हवेच.

दिवाळीत मी पुन्हा गेलो होतो. नव्या पिस्टनचे रनिंग चालू होते, म्हणून भाचा गाडी दमाने चालवत होता, गिऱ्हाइकालाही फुल थ्रॉटल देऊ देत नव्हता. त्यापायी त्याची दोन गिऱ्हाइके शेजाऱ्याकडे गेली, असे तो जरा कुरकुरतच म्हणाला. शेडच्या दारावर त्याने खडूने चार शब्द लिहिले आहेत : हवा, पेट्रोल, ठिणगी, दाब. ‘हवा’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या आहेत. त्या मिस्त्रींनी मारायला लावल्या.